घरी बाई कोण?

पंपाच्या कारखान्यात त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. कुणाच्या वहिनी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांचा दीर-बीर तिथे कुणी नव्हता. पण पहिल्यांदा त्या लोखंड कातायच्या लेथवर उभ्या राहिल्या तेव्हा बाईला हाक काय मारायची हा प्रश्न सगळ्या मशीन शॉपला पडला होता. तोवर कारखान्यातल्या बायका पॅकिंगमध्ये बसायच्या आणि त्यांना सरळ नावानं हाक मारायची पद्धत होती. ही मात्र टर्नर. टर्नरला 'ए' म्हणता येईना आणि 'साहेब' म्हणवेना. मग कुणीतरी वहिनी म्हणालं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

टर्नर झाल्या त्याही एका सरकारी निर्णयामुळे. त्या शाळेतून बाहेर पडल्या त्या वर्षी सरकारनं तंत्रशाळेत मुलींची फी माफ केली होती, वर जाण्यायेण्याचा पास दिला होता. वडील म्हणाले, फुकट आहे तर जाऊ दे. पुढे सरकारचा हात आखडला आणि सवलत गेली. धाकटी बहीण तंत्रशाळेच्या वयाची झाली तोवर फी पुन्हा सुरू झाली होती, आणि वडील म्हणाले, एक शिकली तेवढं पुरे. धाकटी अजून घरी बसून लोकांच्या पॅंट आखूड करते. दोघी एका आईच्या पोटच्या, डोक्यानंही सारख्या. वहिनींना हे आठवलं की आजही त्यांच्या कपाळाची शीर उडते, आणि ते त्यांना बरेचदा आठवतं.

लेथवर मात्र त्या शांत असायच्या. चकाच्या पकडीत कातायचा तुकडा घट्ट बसला, टूल नीट लागलं, लोखंडाच्या निळसर कुरळ्या साली सुटायला लागल्या की त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ सैल पडायची. लोखंडाला एकदा सांगितलं की कळतं, असं त्या म्हणायच्या. वैताग यायचा तो माणसांचा.

शॉपचा म्हातारा फोरमन निवृत्त व्हायला आला होता. मॅनेजरनं वहिनींना बोलावून सांगितलं, की ही जागा तुम्हालाच द्यायची असं माझ्या मनात आहे, फक्त तंत्रशाळेतला संध्याकाळचा सुपरवायझरचा कोर्स तेवढा करून टाका, म्हणजे वरच्यांची तोंडं बंद होतील. वहिनी घरी आल्या त्या जिना दोन-दोन पायऱ्या चढत. नवऱ्याला सांगितलं. तो पाणी खात्यात मीटर वाचायच्या कामावर, दिवसभर गल्ल्याबोळ पालथे घालून पाय सुजलेले असायचे. तो म्हणाला, "कर की." त्याचं 'कर की' म्हणजे परवानगी नव्हती आणि विरोधही नव्हता. रस्त्यातला दगड बाजूला सरकला, इतकाच त्याचा अर्थ. पण वहिनींना तेवढं पुरेसं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. अर्थखात्यातून निवृत्त झालेले. तिथे त्यांना 'कात्री' म्हणत, आणि हे नाव त्यांना माहीत होतं, एवढंच नव्हे तर त्याचा अभिमान होता. कुठल्याही खात्यानं काहीही मागितलं की त्यातलं थोडं कापल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. घरीही तेच. दिवा जळत राहिला की उठून बंद करायचे, मग त्या दिव्याखाली कुणी वाचत का असेना. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यावर ही कात्री चालायची. त्या गेल्यावर म्हाताऱ्यानं मोर्चा सुनेकडे वळवला. पण सून लेथवर काम करणारी. ती दिवा पुन्हा लावायची आणि काही बोलायची नाही. त्यातून दोघांत एक प्रकारचा तह झाला होता.

कोर्सला नाव घालून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका सकाळी सासरे न्हाणीघरात कोसळले. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, म्हाताऱ्याचा जीव वाचला. पण थोड्याच दिवसांत वॉर्डातल्या सिस्टरनं दोघांना खाटेपाशी बोलावलं आणि सांगितलं, की उद्या यांना घरी न्या.

"त्यांना उठून बसताही येत नाही," वहिनी म्हणाल्या.

"ते घरी जमेल. घरच्या वातावरणात पेशंट लवकर सुधारतो." सिस्टरचा आवाज पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा होता. नवं धोरण आलंय, खाटा लवकर रिकाम्या करायच्या, पुढची शुश्रूषा घरी करायची, असं तिनं समजावून सांगितलं. योजनेला नावही होतं: आपलं माणूस, आपल्या घरी. मग तिनं पेन उचललं आणि विचारलं, "घरी बाई कोण आहे?"

नवऱ्यानं वहिनींकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बोट दाखवायचीसुद्धा गरज पडली नाही.

"घरी बाई नसते," वहिनी म्हणाल्या. "मी कामावर असते."

"म्हणजे तुम्ही आहात."

"हे त्यांचे चिरंजीव आहेत ना इथे उभे. धडधाकट."

सिस्टरच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि मागच्या खाटेवरून कुणीतरी तिला सारखं हाका मारत होतं. "ताई, मी तरी काय करू? मला विचारायला सांगितलंय ते मी विचारते." आणि तिनं वहिनींचं नाव लिहून टाकलं.

घरी न्यायच्या आधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. दवाखान्याच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या सगळ्या खुर्च्यांवर बायका. सुना, मुली, कुणाच्या बायका, एक तर आजी होती आणि ती आपल्या मुलासाठी आली होती. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्र आणि योजनेचं नाव छापलेली कापडी पिशवी दिली. आठवड्यातून एकदा परिचारिका घरी येऊन पाहून जाईल असंही सांगितलं. ती परिचारिका कधी आली नाही. वहिनींनी फोन केला तेव्हा कळलं, की ते पद मंजूर आहे पण भरलेलं नाही, आणि भरायला बंदी आहे, कारण काटकसर चालू आहे. म्हणजे पाहुण्यांना जेवायचं आमंत्रण द्यायचं आणि चूल पेटवायचीच नाही.

पुढच्या खोलीतलं टेबल बाहेर काढून तिथे खाट टाकली. त्या दिवसापासून वहिनींच्या दिवसाला ना शेंडा उरला ना बुडखा. पहाटे उठून सासऱ्यांना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, चमच्या-चमच्यानं भरवायचं, मग स्वतः उभ्यानं काहीतरी तोंडात टाकून बस गाठायची. दुपारी शेजारच्या काकू डोकावून जायच्या, पण त्यांचेही गुडघे कामातून गेलेले. संध्याकाळी परत तेच. सासऱ्यांचं वजन गोदामातल्या लोखंडासारखं, फक्त लोखंड तक्रार करत नाही. त्यांची जीभ जड झाली होती, मतं मात्र हलकी झाली नव्हती. दिवा का चालू आहे, हे ते वाकड्या तोंडानं अजून विचारायचेच.

मधूनमधून खाडे पडत होते, त्यांत वहिनींची रजा संपत आली. शिल्लक होती ती आजारपणाची, आणि आजारी त्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की आता तू रजा घे. तुझी सरकारी नोकरी, तुमच्याकडे घरच्यांच्या शुश्रूषेसाठी पगारी रजा सुरू झालीय असं मी ऐकलं.

नवरा गेला. संध्याकाळी परत आला आणि कार्यालयातल्या क्लार्कशी झालेलं बोलणं त्यानं सांगितलं. रजा होती. मोठा गाजावाजा करून दिली होती. पण फक्त महिला कर्मचाऱ्यांना.

"वडील माझे आहेत," नवरा म्हणाला होता.

"पण बघणार तर मिसेसच ना?" क्लार्क म्हणाला. "त्यांना घ्यायला सांगा."

"ती खासगी कारखान्यात आहे."

"मग तिथे हा नियम लागू नाही."

नवरा हे सांगताना वैतागलेला होता. पण त्या वैतागात कुठेतरी सुटल्याची झाक होती, आणि वहिनींना ती झाक बरोबर दिसली. सासऱ्यांची चादर बदलायची होती, ती वहिनींनी अशी काही झटकली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

कोर्सचे सुरुवातीचे वर्ग बुडाले, मग पुढचेही. एक दिवस मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी मायेनं सांगितलं, की वहिनी, यंदा तुम्हाला जमणार नाही हे मी समजू शकतो. वहिनींनी जमणार नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. पण तोवर जागा देऊनही झाली होती. शॉपमध्ये ज्याला सगळे 'हिरो' म्हणत त्या माणसाला ती मिळाली. हिरो माणूस वाईट नव्हता, केसांचा कोंबडा सोडला तर. पण टूलला धार कशी लावायची हे त्याला वहिनींनीच शिकवलं होतं, आणि पहिल्यांदा त्यानं लावलेली धार बघून त्यांनी कपाळाला हात लावला होता. आता तो त्यांचा फोरमन. तो लाजून समोर यायचं टाळायला लागला, तर त्याचाही वहिनींना वैताग. जागा घेतलीस ना, मग ताठ चाल तरी.

त्या संध्याकाळी सासऱ्यांना भरवताना त्या चमचा वाटीवर आपटत होत्या. सासऱ्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. काय झालं, असं त्यांनी विचारलं. वहिनींनी सांगून टाकलं, सगळं, सिस्टरपासून हिरोपर्यंत.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग जड जिभेनं, एकेक शब्द ओढत म्हणाला, की धोरण चूक नाही. सरकार म्हाताऱ्यांना किती दिवस खाटेवर ठेवणार? ही कल्पना मूळची आमच्याच खात्यातली आहे, माझ्या वेळेपासून बोलली जात होती. घरी स्वस्त पडतं.

"कुणाला स्वस्त, बाबा?"

"सगळ्यांनाच."

"माझी फोरमनची जागा गेली. ती तुमच्या खात्यात कुठे मांडली?"

सासरे विचारात पडले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, तो त्यांचा चांगला गुण. "ती मांडत नाहीत," ते म्हणाले.

"का?"

"घरातल्या कामाला खर्च म्हणत नाहीत."

वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना रडू यायला हवं होतं, पण आला तो नुसता संताप, आणि तोही कुणावर काढायचा हे कळेना. म्हाताऱ्यावर काढावा तर त्याला कूस बदलून द्यायची वेळ झालेली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि जाऊन त्याला कुशीवर वळवलं.

काही दिवसांनी बातमी आली, की पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी सरकार नागरिकांच्या सूचना ऐकणार आहे, त्यासाठी शहरातल्या सभागृहात बैठक आहे, कुणीही यावं. वहिनींनी नवऱ्याला म्हाताऱ्यापाशी बसवलं आणि गेल्या. नवरा म्हणाला, तिथे बोलून काय होणार? त्या म्हणाल्या, काही नाही झालं तरी बोलल्याशिवाय मला आता झोप लागायची नाही.

सभागृहात पुढच्या रांगा राखीव होत्या. व्यासपीठावर अर्थखात्याचा एक तरुण अधिकारी होता, हसतमुख, कडक इस्त्रीतला. पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब एकमेकांपेक्षा उंच होत गेले. त्यानं सांगितलं, की यंदा महिलांसाठीची तरतूद कधी नव्हे एवढी वाढली आहे. टाळ्या पडल्या. वाढली ती कशामुळे, हेही त्यानं दाखवलं. सगळ्यात उंच खांबाखाली लिहिलं होतं, आपलं माणूस, आपल्या घरी. शुश्रूषेचं प्रशिक्षण हजारो महिलांना दिलं, त्यामुळे त्या सक्षम झाल्या, म्हणून ही सगळी योजनाच महिला सक्षमीकरणात धरली आहे.

वहिनींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शेजारच्या बाईला विचारलं, तिनंही तेच ऐकलं होतं. मग त्यांनी हात वर केला आणि माइक येईपर्यंत तो खाली घेतलाच नाही.

"मी ते प्रशिक्षण घेतलंय," त्या म्हणाल्या. "त्यानंतर सासऱ्यांना घरी आणलं, आणि त्यामुळे माझी बढती गेली. मला त्या सक्षम झालेल्यांत धरलंय का?"

अधिकाऱ्यानं बहुधा पहिलं वाक्यच नीट ऐकलं होतं. "हो हो, नक्कीच," तो हसत म्हणाला. "अभिनंदन."

मागच्या रांगांत हशा पिकला. अधिकारी गोंधळला, शेजारच्याला काहीतरी कुजबुजला. वहिनींनी पुढे सांगायचा प्रयत्न केला, की दवाखान्यात जी शुश्रूषा पगारी माणसं करत होती ती आता आम्ही करतो, तर तुम्ही वाचवलेले पैसे आमच्याकडूनच घेतलेत, आणि वर तेच आम्हाला दिले म्हणून दाखवताय. पण मधेच माइक हातातून निघून पलीकडे गेला. पलीकडच्या गृहस्थांना रस्त्यातल्या गतिरोधकांबद्दल बोलायचं होतं. अधिकाऱ्यानं जाता जाता सांगितलं, की ताईंची सूचना नोंदवून घेतली आहे. त्यानंतर सगळ्यांना चहा होता. वहिनींनी तो घेतला नाही.

घरी आल्या तेव्हा सासरे जागे होते, त्यांना सगळं ऐकायचं होतं. वहिनींनी पर्स खुंटीला अडकवत अडकवतच सांगितलं. उंच खांबापर्यंत आल्या आणि म्हातारा हसायला लागला. अर्धाच चेहरा हसत होता, पण असा की खाट हलायला लागली. नवरा घाबरून पाणी आणायला धावला.

"सोंगटी सरकवली," सासरे दम खात म्हणाले. "आम्ही याला सोंगटी सरकवणं म्हणायचो. दवाखान्याच्या घरातून काढलं, बायकांच्या घरात टाकलं. कापल्याच्या टाळ्या वेगळ्या, दिल्याच्या वेगळ्या. शाबास. पोरगं हुशार आहे." आणि पुन्हा हसले.

मग हसू एकदम थांबलं. वहिनी सासऱ्यांच्या पायाखालची उशी नीट करत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "ती जागा... खरंच गेली?"

"कधीच गेली, बाबा."

चुकलो, असं म्हातारा म्हणाला नाही. पण सकाळी मुलाला हाक मारली आणि सांगितलं, की माझ्या पेन्शनीतून एक बाई ठेव, दिवसाची आणि संध्याकाळचीही. नवऱ्याचा विश्वास बसेना. याच माणसानं आधी, घरची माणसं असताना पैसे देऊन माणूस कशाला, म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

अशा रीतीनं मावशी आल्या. दार उघडल्या उघडल्या पुढची खोली भरून जाईल अशी शरीरयष्टी, आणि आवाजही त्याच मापाचा. पेशंट कुणीही असो, त्या त्याला राजे म्हणायच्या. "काय राजे, आज आंघोळ करायची का भांडायचं?" सासऱ्यांना आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवस ते फुगून बसले, तिसऱ्या दिवशी मावशी यायला उशीर झाला तर दाराकडे बघायला लागले.

मावशींना हे काम एवढं येतं कसं, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा कळलं की त्या त्याच सरकारी दवाखान्यात, त्याच वॉर्डात कितीतरी वर्षं आया होत्या. खाटा रिकाम्या व्हायला लागल्या तशा आयाही जास्त झाल्या. कंत्राट पुढे वाढवलं नाही. "पेशंट घरोघरी गेले, मग मीही त्यांच्या मागोमाग घरोघरी," मावशी म्हणाल्या. तिथे पगार होता, सुट्टी होती, म्हातारपणाची थोडी सोय होती. इथे गेलं तेवढ्या दिवसाचे पैसे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण वहिनींना ते लागलं. कोर्सची पुढची तुकडी सुरू झाली होती, वहिनींनी तीत नाव घातलं होतं, कारखान्यात दुसरी पाळी चालू व्हायची होती आणि तिलाही फोरमन लागणार होता. आपण संध्याकाळी वर्गात बसतो ते कुणाच्या जिवावर, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी मावशींचे पैसे वाढवून दिले. सासऱ्यांनी कुरकुर केली नाही, हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा चमत्कार.

मावशींनी आणखी एक गोष्ट केली. नवरा घरी असला की त्याला सोडायच्या नाहीत. "इकडे या, साहेब, बघून घ्या," म्हणून चादरीला धरून पेशंट कसा सरकवायचा ते त्याच्याकडून करून घ्यायच्या. तो लाजायचा, चुकायचा, मावशी हसायच्या.

आणि मग एक दिवस वहिनी कामावरून आल्या तेव्हा मावशी निघून जायची तयारी करून बसल्या होत्या. त्यांची सासू पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि दवाखान्यानं तिला घरी पाठवलं.

"सिस्टरनं मला विचारलं, घरी बाई कोण आहे," मावशी म्हणाल्या. "मला ओळखते ती. बरोबर काम केलंय आम्ही. तिला विचारताना लाज वाटली आणि मला हसू आलं." मग पदरानं तोंड पुसलं आणि वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

परीक्षा तोंडावर आली होती. नवऱ्यानं चपला काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आता तुला कोर्स सोडावाच लागणार."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी त्या भांडल्या असत्या, पटवून दिलं असतं, सिस्टर, क्लार्क, मॅनेजर, अधिकारी सगळ्यांचा उद्धार केला असता. पण पटवून देण्याचाच त्यांना आता इतका कंटाळा आला होता, की त्यांनी फळीवरची पुस्तकं पिशवीत घातली, केस सारखे केले आणि बाहेर पडल्या. बसस्टॉपवर दोनदा परत फिरावंसं वाटलं. बस आली आणि त्या चढल्या.

परत आल्या तेव्हा पुढच्या खोलीत फिनाइलचा वास मारत होता. सासऱ्यांच्या अंगात नवऱ्याचा शर्ट होता, तोही उलटा. नवरा खाटेला टेकून जमिनीवर बसला होता, पॅंट गुडघ्यापर्यंत ओली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"याला काही येत नाही," सासरे म्हणाले.

"येईल," वहिनी म्हणाल्या. "मला तरी कुठे येत होतं."

नवऱ्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाला, "रोज असं असतं?"

"आज ते शांत होते."

त्यानंतर त्यानं बिनपगारी रजा घेतली, मग साहेबांच्या मागे लागून पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारपासून तो घरी. कार्यालयात चेष्टा झाली. बाळंतपण कधी, असं कुणीतरी विचारलं. रजा पुरुषांनाही द्यावी म्हणून त्यानं अर्ज केला, तो परत आला, पुन्हा केला, पुन्हा परत आला. तशी तरतूद नाही, एवढंच उत्तर. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या क्लार्कशी त्याचं असं काही वाजलं, की बाहेर पाण्याचं बिल भरायला उभी असलेली रांग आत डोकावून बघायला लागली. घरी आल्यावर तो हे सगळं तावातावानं सांगायचा, जणू जगात हा अन्याय पहिल्यांदा त्याच्यावरच झाला. वहिनी ऐकून घ्यायच्या. मनात म्हणायच्या, बरं झालं, एकाचे दोन झालो.

वहिनी परीक्षा पास झाल्या आणि दुसऱ्या पाळीच्या फोरमन झाल्या. पहिल्या आठवड्यात मॅनेजर शॉपमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, की घरचं सगळं सांभाळून तुम्ही हे करता, खरंच कौतुक आहे. हिरोच्या घरी दोन लहान मुलं होती, त्याचं असं कौतुक कुणी केल्याचं वहिनींना आठवेना. त्या "हं" म्हणाल्या आणि एका लेथजवळ गेल्या. तिथला पोरगा वेग वाढवून कापत होता आणि शाफ्टवर खडबडीत लाटा उठल्या होत्या. त्या वैतागल्या, पण हा वैताग बरा होता. वेग कमी केला की संपणारा.

मावशींचं काय झालं हे त्या मधूनमधून फोन करून विचारायच्या. सासू अजून अंथरुणाला होती. मावशी म्हणायच्या, राजेंना नमस्कार सांगा.

नव्या वर्षाचा अर्थसंकल्प आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी दुपारी पाळीला निघायच्या गडबडीत होत्या. नवरा खाटेच्या कडेला बसून सासऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. योजना यशस्वी ठरली होती, आता आणखी आजारांसाठी लागू होणार होती, आणि महिलांसाठीची तरतूद पुन्हा वाढली होती. नवऱ्यानं कागद मुठीत चुरगाळला आणि कुणाला तरी शिवी हासडली. सासरे म्हणाले, चुरगाळू नकोस, कुठल्या शीर्षाखाली घातलंय ते आधी बघू दे मला. नवरा म्हणाला, बघून काय करणार आहात? सासरे म्हणाले, पत्र लिहिणार आहे, उजवा हात चालतो माझा अजून.

वहिनींनी डबा पिशवीत टाकला. दोघांचे आवाज चढत चालले होते, सासऱ्यांच्या औषधाची वेळ टळत होती आणि दोघांनाही तिचं भान नव्हतं. सांगावं म्हणून त्या दारात थांबल्या. मग घड्याळाकडे पाहिलं, बस जायची वेळ झाली होती, आणि औषध कुठे आहे ते नवऱ्याला ठाऊक होतं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या.